एप्रिलमध्ये तिथे शाळाच नसते

नमस्कार ताई,

कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 32 वर्षं नोकरी करून गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांवर गेली. इंग्रजी हा माझा आवडता विषय. मुलीने इंटरनेटवर एका एजन्सीची जाहिरात दाखवली. थायलंडमध्ये चिआंग रायजवळच्या खेड्यातल्या शाळेत चार आठवडे इंग्रजी शिकवायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे, एक दिवस अनाथाश्रमाला भेट आणि शेवटी प्रमाणपत्र. 5 एप्रिल ते 2 मे. फी 1 लाख 80 हजार, विमानाचं तिकीट वेगळं. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, ‘टुरिस्ट म्हणूनच या, सगळे तसेच येतात.’ मुलगी म्हणते जा. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझं इंग्रजी मराठी वळणाचं, तिकडे गोरे लागतात. आणि फुकट राबायला वर पैसे कशाला द्यायचे?’ मी माळकरी आहे, त्यामुळे जेवणाचीही धास्ती वाटते. यंदा आळंदीपासून वारी चालायचं ठरवलं आहे, ते मात्र मोडणार नाही. पण बाकी वर्षभर दिवस खायला उठतो. जाऊ का?

– एक निवृत्त शिक्षिका

प्रिय बाई,

शिक्षिकेला ‘बाई’ म्हणायची सवय सुटत नाही, म्हणून तेच लिहिते.

तुमचं पत्र वाचताना तारखेपाशीच अडखळले. 5 एप्रिल ते 2 मे. अहो, त्या दिवसांत थायलंडमध्ये शाळाच नसते. तिथलं शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यानंतर थेट मेपर्यंत उन्हाळी सुट्टी. त्यात 13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष. आपल्याकडे गणपतीला मुंबई रिकामी होते तशी तिकडे बँकॉक रिकामी होते आणि माणसं गावाकडे धावतात. तर मग एजन्सी तुम्हाला कुठल्या वर्गावर उभं करणार आहे? गावातली चार पोरं गोळा करून एखादा छंदवर्ग घेतीलही. पण जाहिरातीत ‘शाळा’ लिहिलं आहे आणि पैसे शाळेच्या नावावर घेतले जात आहेत.

शिवाय चिआंग राय. थायलंडचं हे अगदी उत्तरेचं टोक, म्यानमार आणि लाओसला लागून. डोंगर, चहाचे मळे, सगळं सुंदर. पण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतातला पालापाचोळा आणि जंगल जळत असतं, आणि त्या धुराने समोरचा डोंगर दिसेनासा होतो. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने एप्रिलमध्ये चिआंग रायला महिनाभर राहायला जाऊ नये, हे मी शाळेचा विषय नसता तरी सांगितलं असतं.

तेव्हा या एजन्सीला फक्त एक प्रश्न विचारा: शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांचा संपर्क द्या. चांगली संस्था तो लगेच देते. ‘आल्यावर कळेल’ असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपवा. आणि ती अनाथाश्रमाची भेट, तिच्यासाठी तर मी एजन्सीला फोनही केला नसता. पर्यटकांच्या पैशावर चालणाऱ्या अशा जागांमधल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत असतात, गरिबीपायी त्यांनी पोर तिथे ठेवलेलं असतं. येणाऱ्याने एक दिवस लळा लावायचा, फोटो काढायचे आणि निघून जायचं. तुम्ही शिक्षिका आहात, या वाक्यापुढे मला काही लिहायची गरज नाही.

आता व्हिसा. ‘सगळे तसेच येतात’ हे खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. भारतीयांना नोव्हेंबर 2023 पासून पर्यटनासाठी थायलंडने विनाव्हिसा प्रवेश द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून एजन्सींना हे सांगणं फारच सोपं झालं आहे. पण ती सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी. तिथल्या कायद्यात काम म्हणजे फक्त पगारी काम नव्हे. वर्गात उभं राहून फुकट शिकवलंत तरी ते कामच, आणि त्याला परवाना लागतो. स्वयंसेवकासाठी ‘नॉन-इमिग्रंट ओ’ नावाचा व्हिसा असतो. तो घ्यायचा, आणि तिथे गेल्यावर शाळेने किंवा नोंदणीकृत संस्थेने तुमच्यासाठी वर्क परमिट काढायचं. परवान्याशिवाय सापडलात तर दंड 5,000 ते 50,000 बाट, आणि वर देशाबाहेर रवानगी. बहुतेकांना कोणी पकडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या दिवशी पकडतील त्या दिवशी एजन्सीचा फोन लागणार नाही. 32 वर्षं सेवापुस्तक स्वच्छ ठेवलेल्या बाईने परक्या मुलखातल्या पोलीस ठाण्यात का बसावं?

व्हिसाचा अर्ज 2025 पासून ऑनलाइन करता येतो, आणि शंका असेल तर मुंबईतच त्यांची वकिलात आहे. शाळेचं किंवा संस्थेचं निमंत्रणपत्र, पदवीची कागदपत्रं, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलिसांचा दाखला, एवढी तयारी ठेवा. हा व्हिसा सहसा 90 दिवसांचा मिळतो आणि पुढे तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात वाढवून घ्यावा लागतो. कागद पुरे करायला तीन-चार महिने धरा. आपल्या पंचायत समितीत फाइल हलवलेल्या माणसाला यातलं काहीच अवघड वाटणार नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: त्यांच्या कागदांवर बौद्ध सन असतो, आपल्या इसवी सनापेक्षा 543ने पुढे. मी तिथे एक सत्र शिकवायला होते, तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या परमिटची मुदत पाचशे वर्षांनी संपणार असं वाटलं होतं.

आता मुलाचं म्हणणं. त्याच्या दोन मुद्द्यांपैकी पैशाचा मुद्दा बरोबर आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च स्वयंसेवकाने द्यावा, यात वावगं काही नाही, गरीब शाळेवर आपला भार का? पण चार आठवड्यांना 1 लाख 80 हजार म्हणजे त्यातला किती वाटा गावात पोचतो, हे विचारायला हवं.

‘गोरे लागतात’ हा दुसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि जो अर्धा बरोबर आहे तो कडू आहे. बँकॉकच्या खासगी शाळांत पगारी नोकरीला गोऱ्या चेहऱ्याला आणि ठरावीक देशांच्या पासपोर्टला झुकतं माप मिळतं. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना तिथे ‘खॅक’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण तो नेहमी पाहुण्याच्या मानाने उच्चारला जातोच असं नाही. तुम्हालाही एखाद्या बाजारात ऐकू येईल. मी आधी चिडायचे, नंतर वाण्याला सांगायचे, ‘हो, खॅकच, पण भाव गावचा लाव.’ दुसरीकडे, थायलंडमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांत फिलिपिनो मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचंही इंग्रजी शाळेतच शिकलेलं. खेड्यातल्या शाळेला उच्चाराचं प्रमाणपत्र नको असतं. वर्ग सहा आणि शिक्षक तीन, अशा शाळा तिथेही आहेत. 120 किंवा त्याहून कमी पटाची शाळा तिथे ‘लहान शाळा’ धरतात आणि तिच्यावर जवळच्या शाळेत विलीन होण्याची टांगती तलवार असते. ओळखीचं वाटतंय ना?

तुमचं इंग्रजी मराठी वळणाचं आहे, हेच तर मला तुमचं भांडवल वाटतं. तुम्ही स्वतः पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवलीत. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ज्या पोरांनी घरात एक इंग्रजी शब्द ऐकला नव्हता त्यांच्यापुढे तुम्ही उभ्या राहिलात. धनगरवाड्यावरच्या मुलाला ‘धिस इज अ ट्री’ कसं पचवायचं, हे लंडनहून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला ठाऊक नसतं. त्याला इंग्रजी येतं, पण ते कसं आलं हे आठवत नाही. तुम्हाला आठवतं. चिआंग रायच्या डोंगरात आखा, लाहू अशा जमातींची मुलं घरी आपली भाषा बोलतात, शाळेत थाई शिकतात आणि वर तिसरी इंग्रजी. आपल्या नंदुरबारच्या किंवा पालघरच्या पाड्यावरचं चित्र तुम्हाला तिथे पुन्हा दिसेल.

आणि इंग्रजी त्यांना कशाला हवं, याचं एक उदाहरण जगाने पाहिलं आहे. 2018 साली याच जिल्ह्यात थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे तंत्रज्ञही होते, ते तुम्ही ‘सकाळ’ किंवा ‘पुढारी’त वाचलं असेल. ब्रिटिश पाणबुडे नवव्या-दहाव्या दिवशी मुलांपर्यंत पोचले, तेव्हा त्यांच्याशी इंग्रजीत बोलला तो 14 वर्षांचा एक मुलगा. सरहद्दीपलीकडून आलेला, तेव्हा कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेला. किती दिवस झाले, भूक लागली आहे, एवढंच बोलणं. त्याचा उच्चार कुठल्या वळणाचा होता हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

मी स्वतः एक सत्र ईशान्येकडच्या इसान भागात काढलं, तेव्हाचं थोडं सांगते, कारण ते कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही.

थाई मुलाच्या तोंडून ‘स्कूल’चं ‘सकून’ होतं, ‘फुटबॉल’चं ‘फुटबॉन’. पहिला आठवडा मी ‘ल’ म्हणा, ‘ल’ म्हणा करत घसा फोडला. मग कळलं की त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’ येतच नाही, लिहिला तरी ‘न’ वाचतात. शेवटचा ‘स’ही गिळला जातो, म्हणून ‘हाऊस’ आणि ‘हाऊ’ सारखेच. जोडाक्षर फोडून मध्ये ‘अ’ घालतात, म्हणून ते ‘सकून’. क्रियापदाला काळ चिकटत नाही, नामाला अनेकवचन नाही, तेव्हा ‘येस्टरडे आय गो’ ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. पण वाक्याच्या शेवटी ‘माय’ लावला की प्रश्न होतो, अगदी आपल्या ‘का’सारखा. ‘तू येतोस का’ जसं आपण बोलतो तसंच ते बोलतात. त्यामुळे ‘डू यू’ने सुरुवात करायची हे त्यांना का जमत नाही ते तुम्हाला चटकन कळेल, आपल्या मुलांना तरी कुठे जमायचं?

उलट त्यांची भाषा शिकताना तुम्ही गोऱ्यांच्या पुढे असाल. त्यांची वर्णमाला आपल्याच घराण्यातली, क, ख या क्रमाने चालणारी. आपण ‘क कमळाचा’ म्हणतो, ते ‘को काय’ म्हणतात. काय म्हणजे कोंबडी. पुढे ‘खो खाय’, आणि खाय म्हणजे अंडं. ‘काय’ आणि ‘खाय’ यांतला फरक ऐकताना इंग्रज शिक्षकांचा घाम निघतो, आपल्याला तो जन्मजात येतो. आणि तो ङ, जो आपण आयुष्यभर फक्त तक्त्यात पाहिला, तो तिथे शब्दाच्या सुरुवातीला येतो: ङू म्हणजे साप. पाच सूर मात्र आहेत, आणि सूर चुकला की अर्थ बदलतो. अभंग गाणाऱ्या कानाला ते जड जाऊ नये.

प्राथमिकला ते ‘प्रथोम’ म्हणतात, माध्यमिकला ‘मत्थयोम’. शिक्षकाला ‘ख्रू’, म्हणजे आपला गुरू. गुरुवारचं थाई नाव ‘फरुहत्सबोदी’ हळू वाचा, आत बृहस्पती बसलेला आहे. पहिल्या सत्रात, बहुधा जूनमधल्या एका गुरुवारी, मुलं शिक्षकांपुढे गुडघे टेकून फुलं वाहतात. त्या ताटात ठरलेल्या तीन गोष्टी असतात: वांग्याचं फूल, खेमचं (इक्झोराचं) फूल आणि दूर्वा. हो, आपल्याच दूर्वा. कितीही तुडवल्या तरी पुन्हा फुटतात म्हणून चिकाटीसाठी.

चुका मी भरपूर केल्या. शाबासकी म्हणून एका मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर्ग एकदम गप्प झाला. डोकं तिथे पवित्र, त्याला हात लावत नाहीत. आपल्या मायेचीच खूण तिथे चालत नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पाय कोणाकडे करून बसायचं नाही, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, पण ते तुम्हाला सांगायला नको. राजघराण्याबद्दल मात्र कौतुकाचंसुद्धा बोलू नका, त्यांच्या दंडसंहितेच्या कलम 112 खाली राजाच्या अवमानाला 3 ते 15 वर्षं कैद आहे.

दुसरी चूक मोठी, आणि तिच्यासाठीच हे पत्र इतकं लांबलं. मी धडा संपला की विचारायचे, ‘अंडरस्टँड?’ सगळी मुलं एका सुरात ‘येस’. चाचणी घेतली तर पाटी कोरी. तिथे एक शब्द आहे, ‘क्रेंग चाय’. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपलं मन मागे घेणं. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात. बाईंना वाईट वाटू नये म्हणून मुलं ‘कळलं’ म्हणत होती. आणि त्याच भिडेपोटी वर्गाच्या मूळ शिक्षिका मी आले की अदबीने बाहेर जायच्या, ‘परदेशी ख्रूंच्या कामात लुडबुड नको’ म्हणून. मला तेव्हा बरंच वाटलं. सत्र संपल्यावर ध्यानात आलं की मुलांना पुढची वीस वर्षं शिकवणार आहेत त्या, आणि माझ्या चार महिन्यांतलं त्यांनी काही पाहिलंच नाही. मी गेल्यावर माझे तक्तेसुद्धा कपाटात गेले असतील.

तुम्ही तसं होऊ देऊ नका. मुख्याध्यापकांशी पहिल्या दिवशी एवढंच ठरवा: वर्गशिक्षिका वर्गात थांबतील, तास दोघींचा मिळून होईल, आणि आठवड्यातून एकदा मुलं गेल्यावर तुम्ही दोघी बसून पुढच्या आठवड्याचे धडे कराल. पुस्तक त्यांचंच वापरा, आपली गाणी घेऊन जाऊ नका. त्या शिक्षिकांना इंग्रजी बोलायची लाज वाटते, आणि तुमचं मराठी वळणाचं इंग्रजी ऐकून ती लाज निम्मी होईल. गोऱ्या माणसापुढे ती वाढते, हे मी पाहिलं आहे.

जेवणाचं सांगते. अडचण मटणाची नाही, ते दिसतं आणि टाळता येतं. अडचण ‘नाम प्ला’ची, म्हणजे माशाच्या पाण्याची. ते तिथे आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं, भाजीतसुद्धा. ‘मांग्सविरत’ हा शब्द मांसविरतीवरूनच आला आहे, पण तेवढ्याने माशाचं पाणी सुटेलच याचा भरवसा नाही. तुम्ही ‘किन चे’ म्हणा. त्यात मांस, मासा, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही, म्हणजे माळेपेक्षा कडकच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान ‘चे’चं. खेड्यात असं दुकान नसेल, म्हणून राहण्याची सोय ठरवतानाच स्वतःची शेगडी मागून घ्या. उत्तरेत चिकट भात मिळतो, टोफू मिळतो, नाळीची भाजी पोत्याने मिळते. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर न्या. आणि रस्त्यात कोणी ‘किन खाव रू यांग’ असं विचारलं तर ताट मागवू नका, ती विचारपूस आहे, आपल्या ‘जेवण झालं का?’सारखी.

माझं मत असं: या एप्रिलला जाऊ नका. यंदा वारी करा. जाणार असाल तर नोव्हेंबरच्या सत्राला जा, चार आठवड्यांसाठी नको, पूर्ण सत्रासाठी जा, आणि ज्या शाळेचं नाव, पत्ता आणि परमिटची हमी हातात आहे तिथेच. नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे हवा थंड असते, डोंगरात स्वेटर लागेल, आणि मोठा धूर होईपर्यंत तुमचं परतीचं तिकीट जवळ आलेलं असेल. वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय निघू नका. दूर्वांचा तो गुरुवार या सत्रात हुकेल, पण 16 जानेवारीला त्यांचा शिक्षकदिन असतो, तो मिळेल. मुलाला हे पत्र दाखवलंत तरी चालेल, पैशाच्या मुद्द्यावर मी त्याच्या बाजूने आहे असं सांगा.

आणि एक राहिलंच. निवृत्तिवेतनासाठी बँकेत हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो. मोबाइलवरून ‘जीवन प्रमाण’ करता येतं, पण तुमच्या शाखेत ते चालतं का, हे जाण्याआधी विचारून ठेवा.